‘ऋषिवाट’ म्हणजे ऋषींची वाट नव्हे : जुन्या संस्कृत शब्दाचा अर्थ भगिनीभाषांच्या आधाराने कसा लावायचा

दादरच्या आमच्या वाचनगटात वाल्मीकी रामायणाचं बालकांड चाललं होतं. विश्वामित्र राम-लक्ष्मणांना घेऊन जनकाच्या यज्ञाला पोचतात तो भाग, प्रचलित पाठातला 50वा सर्ग. राम म्हणतो : ‘ऋषिवाटाश्च दृश्यन्ते शकटीशतसंकुलाः’. गटातल्या एका ताईंनी अर्थ सांगितला, ‘ऋषींच्या वाटा शेकडो गाड्यांनी गजबजलेल्या दिसताहेत.’ सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. वाट हा शब्द आपल्या रोजच्या तोंडातला, आणि गाड्या वाटेवरच असायच्या. अर्थ अगदी चपखल बसला होता आणि तरी तो चुकीचा होता. इथला ‘वाट’ म्हणजे रस्ता नव्हे. ती कुंपण घातलेली जागा, आवार आहे. रामाला दिसताहेत ते ऋषींचे तळ.

ही चूक मी पुन्हा पुन्हा पाहतो, चांगला अभ्यास असलेल्या माणसांकडूनही. ओळखीचा शब्द दिसला की अर्थ आधी सुचतो आणि पुरावा मागाहून गोळा केला जातो. मराठी, गुजराती, हिंदी, कोकणी या भाषा जुन्या संस्कृत शब्दावर खरोखर उजेड टाकतात, पण त्यांना विचारण्याचा एक क्रम आहे. तो मोडला की त्याच भाषा दिशाभूल करतात. पुढचे टप्पे त्याच क्रमाने घ्या, मधला एकही गाळू नका.

## तयारी : वही आणि कोश

एक वही घ्या. प्रत्येक शब्दाला एक पान द्या आणि पानावर चार रकाने आखा : मूळ वाक्य, ध्वनीचा माग, भगिनीभाषांतले शब्द, ठरलेला अर्थ. चौथा रकाना पेन्सिलनेच भरा.

कोश चार लागतात. संस्कृतासाठी आपट्यांचा आणि मोनियर-विल्यम्सचा (1899). मराठीसाठी मोल्सवर्थ, त्याची 1857 ची दुसरी आवृत्ती. आणि राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, जो 1962 ते 1966 या काळात निघाला. त्यात एका संस्कृत शब्दाखाली पाली, प्राकृत, सिंधी, बंगाली, गुजराती, मराठी, सिंहली अशी सगळी भावंडं एका जागी सापडतात. हे चारही कोश आता इंटरनेटवर फुकट चाळता येतात. तरी फोर्टातल्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी किंवा नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथे एखादी दुपार काढा. छापील कोशात शेजारचे शब्दही नजरेखालून जातात, आणि अर्धे शोध तिथेच लागतात.

सावधान : टर्नरच्या कोशात काही शब्दांपुढे तारा काढलेला असतो. ते शब्द कुठल्याही ग्रंथात सापडलेले नाहीत, नंतरच्या रूपांवरून अनुमानाने बांधलेले आहेत. त्यांना पुरावा म्हणून पुढे करू नका.

## टप्पा 1 : वाक्य अख्खं उतरवा, मग शब्द सुटा करा

शब्द एकटा उचलू नका. पूर्ण ओळ लिहा, संधी सोडवा, समासाचा विग्रह करा, लिंग-वचन-विभक्ती नोंदवा. आमच्या ओळीत ‘ऋषिवाटाः’ हे पुल्लिंगी प्रथमा बहुवचन आहे, म्हणजे मूळ शब्द ‘वाटः’. मराठी ‘वाट’ मात्र स्त्रीलिंगी. लिंग बदललं म्हणून लगेच शब्द वेगळा ठरत नाही, भाषेच्या प्रवासात लिंग बदलतंही. पण शंकेची पहिली खूण इथेच पडायला हवी होती.

वैदिक ओळ असेल तर आणखी जपा. ‘मृगो न भीमः कुचरो गिरिष्ठाः’ (ऋग्वेद 1.154.2) यातला ‘न’ नकाराचा नाही, ‘सारखा’ या अर्थाचा आहे. ‘भयंकर नसलेला मृग’ असं भाषांतर करून पुढे गेलात, तर ‘मृग’ शब्दावर कितीही मेहनत घेतली तरी वाया जाईल.

तपासा : सुटा केलेला शब्द मूळ कोशरूपात (वाट, मृग, भक्त) लिहिला का? विभक्तीसकट शब्द कोशात शोधणं हा वेळ दवडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

## टप्पा 2 : मराठी शब्द तत्सम की तद्भव, ते आधी ठरवा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो.

तद्भव म्हणजे लोकांच्या तोंडून, प्राकृतातून झिजत आलेला शब्द. तत्सम म्हणजे पंडितांनी पुन्हा ग्रंथातून उचललेला, जसाच्या तसा. तत्सम शब्द दिसायला संस्कृत असतो, म्हणून तो जवळचा साक्षीदार वाटतो. बऱ्याचदा तोच कच्चा निघतो, कारण उचलल्यानंतर प्रत्येक भाषेने त्याला आपापल्या गरजेचा अर्थ दिलेला असतो.

‘शिक्ष्’ या धातूकडे पाहा. संस्कृतात त्याचा अर्थ शिकणं. मराठीत त्यापासून दोन शब्द आले. झिजून आलेला ‘शिकणे’ अर्थ जसाच्या तसा सांभाळून आहे. पोथीतून उचललेल्या ‘शिक्षा’चा अर्थ आपल्याकडे दंड झाला. हिंदीत तोच शब्द शिक्षण. आणि वेदांगांतली ‘शिक्षा’ म्हणजे उच्चारशास्त्र. रूप तेच, वाटा तीन.

असे आणखी काही शब्द वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा : ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, हिंदी-बंगालीत प्रयत्न, संस्कृतात हालचाल, प्रयत्न. ‘राग’ मराठीत आणि बंगालीत संताप, संस्कृतात रंग, लाली, आसक्ती. ‘साहस’ आपल्याकडे कौतुकाचा शब्द, याज्ञवल्क्यस्मृतीत तो गुन्हा आहे : बळजबरी, मारहाण, दरोडा. स्मृतीतलं साहसप्रकरण मराठी अर्थाने वाचलं, तर राजा शूरांना दंड करतोय असं वाटेल.

मोल्सवर्थने शब्दाच्या नोंदीत संस्कृताची खूण केलेली असते, ती पाहा. शिवाय कानाने ओळखण्याची सोपी रीत : जोडाक्षर शाबूत असेल (शिक्षा, चेष्टा, क्षेत्र) तर बहुधा तत्सम, झिजलेलं असेल (शिकणे, शेत) तर तद्भव.

## टप्पा 3 : ध्वनीचा माग काढा

इथे वेळ द्या. शब्दसाम्य हा पुरावा नाही. ध्वनी कसा बदलला याचा नियम सापडला आणि त्याच नियमाने बदललेले आणखी तीन-चार शब्द दाखवता आले, तर तो पुरावा.

मराठीपुरते कामाचे नियम हे :

1. दोन स्वरांमधलं एकेरी क, ग, च, ज, त, द बहुधा गळतं : पाद–पाय, राजा–राया, सूची–सुई.
2. दोन स्वरांमधल्या एकेरी ट चा ड होतो : वट–वड, घोटक–घोडा, कटु–कडू, कीटक–किडा.
3. जोडाक्षराचं प्राकृतात द्वित्त होतं, मराठीत त्यातलं एक अक्षर उरतं आणि आधीचा स्वर लांबतो : हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात, दुग्ध–दुद्ध–दूध.
4. दोन स्वरांमधल्या एकेरी म चा व होतो : ग्राम–गाव, नाम–नाव, पंचम–पाचवा.
5. द्य चा ज, ध्य चा झ किंवा ज : अद्य–आज, विद्युत्–वीज, वंध्या–वांझ, सिध्यति–शिजतं.
6. क्ष चा मराठीत पुष्कळदा श किंवा स, हिंदीत ख : मक्षिका–माशी–मक्खी, कुक्षि–कूस–कोख, इक्षु–ऊस–ईख. (‘खीर’, ‘काख’ हे शब्द मराठीतही ख घेऊन आहेत, तेव्हा हा नियम आंधळेपणाने लावू नका.)
7. शब्दारंभीचा व मराठी-गुजरातीत टिकतो, हिंदी-बंगालीत त्याचा ब होतो : वीस–बीस, वाट–बाट.

चौथ्या नियमाची पाटी मध्य रेल्वेवर रोज दिसते. ‘शीव’ स्टेशनचा महादेवाशी संबंध जोडणारे मला दर दोन-चार महिन्यांनी भेटतात. शीव म्हणजे ‘सीमा’. म चा व झाला, आणि ई-काराआधीच्या स चा मराठीत श झाला, जसा ‘सिध्यति’चा ‘शिजतं’ होताना झाला. मुंबई बेट आणि साष्टी यांची हद्द तिथे होती. शेतकऱ्याच्या बोलीतली ‘गावची शीव’ तीच.

आता ‘वाट’ या कसाला लावा. संस्कृत ‘वाट’मधला ट एकेरी आहे, दोन स्वरांमध्ये आहे. दुसऱ्या नियमाने त्याचा ड व्हायला हवा. म्हणजे मराठीत त्याचा वारस ‘वाट’ असूच शकत नाही. वारस आहे ‘वाडा’, आणि ‘वाटिका’ची ‘वाडी’. गिरगावातली खोताची वाडी, फणसवाडी ही त्याची लेकरं. मग आपली ‘वाट’ कुठली? तिचा ट टिकला आहे, म्हणजे मागे जोडाक्षर होतं : वर्त्म–वट्ट–वाट, तिसऱ्या नियमाने. दोन वेगळी घराणी, आजच्या घडीला एकाच चेहऱ्याची.

‘काम’ची गोष्ट अशीच. मराठी ‘काम’मधला म व झाला नाही, यावरूनच मागे जोडाक्षर असणार हे कळतं : कर्म–कम्म–काम. संस्कृत ‘काम’, म्हणजे इच्छा, हा वेगळाच शब्द.

सावधान : नियम फक्त एका शब्दाला लागतोय आणि दुसरं उदाहरण सापडत नाही, असं झालं तर तो नियम नाही, तुमची इच्छा आहे. पान तिथेच थांबवा.

## टप्पा 4 : भावंडं गोळा करा

एका भाषेवर निकाल देऊ नका. निदान चार भाषांतले वारस हवेत आणि त्या भाषा एकमेकींपासून लांबच्या असाव्यात. मराठी आणि कोकणी मिळून दीड साक्षीदार होतात, दोन नव्हेत.

मुंबईत राहणाऱ्याला यासाठी लांब जावं लागत नाही. एका जिन्यावर गुजराती, कोकणी, बंगाली, मल्याळी घरं असतात. फक्त विचारण्याची पद्धत सांभाळा. ‘तुमच्यात वाडी म्हणजे कुंपणाची जागा ना?’ असं विचारलंत तर समोरचा सौजन्याने ‘हो’ म्हणेल. वस्तू दाखवून नाव विचारा, किंवा त्यांच्या बोलण्यातून शब्द आपणहून येईपर्यंत थांबा.

मला ‘वंश’चा धागा असाच सापडला. शेजारच्या गुजराती बेन पाण्याची बादली खाली ठेवून कमरेच्या वर हात दाबत म्हणाल्या, ‘वांसो दुखे छे.’ वांसो म्हणजे पाठ! मी घरात जाऊन आधी वही उघडली.

‘वाट’च्या पानावर आमच्याकडे हे जमलं : मराठी वाडा, वाडी (वस्ती, आणि नारळाची बागही), कोकणी वाडो (गावाचा भाग), गुजराती वाडो (परसातलं आवार) आणि वाडी (बाग, लग्नाचं कार्यालयसुद्धा), हिंदी बाड़ा (गुरांचं आवार), बंगाली बाड़ी (घर). व–ब चा फरकही सातव्या नियमाबरहुकूम आहे.

तपासा : गोळा केलेल्यांत कुणी उसना पाहुणा तर नाही ना? ‘बासरी’ ‘वंश’ (बांबू) या शब्दाच्या घराण्यातली खरी, पण तिच्या तोंडी ब आहे. मराठीत ती उत्तरेकडून आली असणार. ती हिंदीची साक्ष धरा, मराठीची नव्हे.

## टप्पा 5 : अर्थांचा गाभा काढा

सगळे अर्थ शेजारी ठेवा आणि विचारा : कोणत्या एका अर्थापासून हे सगळे निघू शकतात? वस्ती, बाग, गोठा, कार्यालय, घर यांत समान काय? चहूबाजूंनी बंदिस्त केलेली जागा. रस्ता यांपैकी एकाही भाषेत नाही.

गाभा बहुधा दिसणारा, हाताला लागणारा असतो. अमूर्त अर्थ मागाहून येतात. ‘वंश’ घ्या. हिंदी बाँस आणि गुजराती वांस म्हणजे बांबू. मराठी वासा म्हणजे छपराचा आडवा-उभा आधार, घर फिरलं की फिरणारे ते वासे. गुजराती वांसो म्हणजे पाठ, आणि संस्कृतात कण्याला ‘पृष्ठवंश’ म्हणतातच, शाळेच्या पुस्तकातले पृष्ठवंशीय प्राणी तिथलेच. गाभा : लांब, ताठ, पेरांचा दांडा. आता ऋग्वेदातलं ‘उद्वंशमिव येमिरे’ (1.10.1) वाचा. स्तुती करणाऱ्यांनी इंद्राला वंशासारखं वर उचललं, म्हणजे खांबासारखं उंच केलं. ‘कुळासारखं’ म्हटलं तर चित्रच उभं राहत नाही. पेरामागून पेर तशी पिढीमागून पिढी, कुळाचा अर्थ तिथून फुटला असं मानायला जागा आहे.

‘भक्त’चं असंच. भक्त–भत्त–भात हा माग सरळ आहे. धातू ‘भज्’, वाटणे. भक्त म्हणजे वाटून दिलेला हिस्सा, मग जेवणाचा हिस्सा, मग शिजलेला भात. अमरकोश भक्ताला अन्न आणि ओदन यांच्या पंगतीत बसवतो. म्हणून कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं ‘भक्तवेतन’ म्हणजे भक्तांचा पगार नव्हे. शिधा आणि वेतन, नोकराला मिळणारं. ‘सिद्धान्न’ही तसंच : सिध्यति–शिजतं हा माग हातात असेल, तर ‘शिजवलेलं अन्न’ हा अर्थ कोशाआधी आपलं स्वयंपाकघरच सांगतं.

## टप्पा 6 : दक्षिणेची साक्ष, वेगळ्या रकान्यात

तमिळ, मल्याळम, कन्नड, तेलुगू या संस्कृताच्या लेकी नाहीत. त्यांनी संस्कृत शब्द उसने घेतले. म्हणून टप्पा 3 चे नियम त्यांना लावू नका. पण उसना शब्द ज्या काळी घेतला त्या काळचा अर्थ कधी कधी त्यांच्याकडे गोठून राहतो, आणि तिथे त्यांची किंमत मोठी आहे.

मराठीत मृग म्हणजे हरीण. माझ्या एका मल्याळी सहकाऱ्याला राणीच्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयाकडे जाताना मी विचारलं, अशा जागेला तुमच्यात काय म्हणतात? ‘मृगशाला.’ हत्ती, वाघ, माकडं, सगळ्यांसकट. मल्याळममध्ये मृग म्हणजे जनावर, कुठलंही. मग संस्कृतातच पाहा : शाखामृग म्हणजे माकड, मृगराज म्हणजे सिंह, मृगया म्हणजे कोणत्याही श्वापदाची शिकार. ‘मृगो न भीमः’ आता उलगडतं. डोंगरात फिरणारं भयंकर श्वापद. हरणाला कोण भीम म्हणेल?

उलट उदाहरणं लक्षात असू द्या. कन्नडमध्ये प्रपंच म्हणजे जग, आपल्याकडे घरसंसार, हिंदीत भानगड, संस्कृतात मुळात विस्तार. तमिळमध्ये कल्याणम् म्हणजे लग्न. आणि काही शब्दांचा प्रवाहच उलटा आहे : ‘नीर’, ‘मीन’ हे संस्कृतात द्राविडी भाषांतून आले असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तिथे संस्कृत धातू शोधत बसू नका.

## टप्पा 7 : अर्थ परत वाक्यात ठेवा

आता, आणि आताच, संस्कृत कोशातले अर्थ पाहा. कोशात अर्थ एकाखाली एक येतात, त्यांचं वय तिथे डोळ्यांत भरत नाही. ‘वाट’पुढे ‘रस्ता’ हाही अर्थ दिसेल आणि पुन्हा मोह होईल. कोणता अर्थ कोणत्या ग्रंथातला, ते प्रत्येक वेळी पाहा. मोनियर-विल्यम्समध्ये अर्थापुढे ‘एल्’ हे अक्षर असेल, तर तो अर्थ फक्त जुन्या कोशकारांनी नोंदलेला आहे.

मग मूळ जागी परत या, पण एका ओळीवर थांबू नका. ‘गाड्यांनी गजबजलेल्या वाटा’ एका ओळीत बसतंच, म्हणून तर आम्ही फसलो. पुढची ओळ वाचा : ‘देशो विधीयतां ब्रह्मन् यत्र वत्स्यामहे वयम्’. राम म्हणतो, आपण राहू अशी जागा ठरवा. इतरांचे मुक्काम पाहून तो आपल्या मुक्कामाबद्दल विचारतोय. त्याच सर्गात ‘यज्ञवाट’ही येतो, आणि तिथे ‘यज्ञाचं आवार’च चालतं. एकाच ग्रंथातल्या दोन जागी एक अर्थ नीट बसला की पेन्सिलवर पेन फिरवायला हरकत नाही.

बसला नाही, तर टप्पा 3 वर परत जा. अर्थ ओढून-ताणून बसवू नका. आमच्या वहीत बरीच पानं चौथ्या रकान्यात कोरी आहेत आणि ती तशीच राहू दिली आहेत.

‘ऋषिवाट’चं पान मात्र भरलं. ते असं आहे :

*वाक्य :* ऋषिवाटाश्च दृश्यन्ते शकटीशतसंकुलाः। बालकांड, सर्ग 50.
*माग :* वाट–वाडा, वाटिका–वाडी (वट–वड, घोटक–घोडा प्रमाणे). मराठी ‘वाट’ वेगळी, वर्त्म–वट्ट–वाट.
*भावंडं :* कोकणी वाडो, गुजराती वाडो/वाडी, हिंदी बाड़ा, बंगाली बाड़ी.
*अर्थ :* ऋषींची आवारं, तळ. ‘शेकडो गाड्यांनी भरलेले ऋषींचे तळ दिसताहेत.’ पुढच्या ओळीशी जुळतं. ताईंनी पेनने लिहिलं.